मक्याचा आलेख करवतीसारखा का दिसतो?

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं: आफ्रिका खंडात १९६१ साली मक्याचं उत्पादन साधारण १ कोटी ६० लाख टन होतं, आज ते ९ कोटी टनांच्या पुढे आहे. जाता जाता लिहिलेल्या त्या वाक्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. काहींना आनंद झाला, काहींना शंका आली. माझ्या उमेदीची बरीच वर्षं दक्षिणेकडच्या आफ्रिकेत, मक्याच्या बियाण्याच्या कामात गेली. मुक्काम लुसाकाला असायचा आणि फिरती झाम्बिया, मलावी, झिम्बाब्वेत. तेव्हा यावेळचं सदर मक्यालाच देतो.

प्रश्न : उत्पादन सहापटीच्या जवळ गेलं म्हणता, मग दर काही वर्षांनी मलावी, झाम्बियातून उपासमारीच्या बातम्या का येतात? आकडे खोटे की बातम्या? (एक निवृत्त बँक अधिकारी)

दोन्ही खरं आहे. बँकेतल्या एकूण ठेवी वाढल्या म्हणून प्रत्येक खातेदार सुखी झाला असं होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. १९६१ मध्ये खंडाची लोकसंख्या २९ कोटींच्या आसपास होती, आज ती १४५ कोटींच्या पुढे आहे. म्हणजे मका सहापट झाला तर खाणारी तोंडंही पाचपट झाली. माणशी हिशेब केला तर वर्षाला पंचावन्न किलोंचे साठ-पासष्ट किलो झाले, एवढंच. त्यातलाही मोठा वाटा आता कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्याला जातो, विशेषतः दक्षिण आफ्रिका, इजिप्त आणि नायजेरियात.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. हे वाढीव धान्य आलं कुठून? उत्पादन म्हणजे पेरा गुणिले हेक्टरी उतारा. १९६१ मध्ये खंडभरात दीड कोटी हेक्टरच्या आसपास मका होता, उतारा हेक्टरी जेमतेम एक टन. २००० पर्यंत पेरा अडीच कोटींच्या जवळ गेला आणि उतारा पावणेदोन टनांच्या आसपास. म्हणजे पहिल्या चाळीस वर्षांत जमीन आणि उतारा जवळजवळ जोडीने चालले होते, उलट उतारा थोडा पुढेच होता. त्यानंतरच्या वीस वर्षांत उत्पादन दुप्पट झालं खरं, पण पेराही चार कोटी हेक्टरांच्या पुढे गेला आणि उतारा दोन टनांच्या थोडा वर जाऊन रेंगाळला. अलीकडची वाढ मुख्यतः जमिनीची वाढ आहे. कोणी 'आफ्रिकेतली हरितक्रांती' म्हणून एकूण टनांचा आलेख दाखवला की मी आधी पेऱ्याचा आलेख मागतो.

जमीन वाढवून मिळालेल्या धान्याचं दुखणं असं की जमीन संपते. मलावीच्या दक्षिण भागात तर ती केव्हाच संपली. तिथे कुटुंबाला एक हेक्टरही नाही, आणि त्यातल्या बहुतेक भागात दरवर्षी मकाच. झाम्बियात अजून रान आहे, ते तोडून शेत होतं. पूर्वी काही वर्षं पिकवलं की जमीन पडीक सोडायचे, आता तो काळ आखडत चाललाय. नवीन तोडलेल्या रानात पहिले दोन हंगाम मका झकास येतो, मग जमीन दमते.

आणि उपासमारीचे महिने ठरलेले आहेत. दक्षिणेकडे पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरात, काढणी एप्रिलपासून. जानेवारी ते मार्च हा टंचाईचा काळ. रान हिरवंगार असतं आणि कणगी रिकामी. त्यात एखाद्या सरकारने घाबरून निर्यातबंदी केली की शेजारच्या देशातलं धान्य सीमेवर अडतं. झाम्बिया, मलावी, टांझानिया, सगळ्यांनी हे वेळोवेळी केलंय. खंडाच्या बेरजेत ते धान्य दिसतं, सीमेपलीकडच्या ताटात दिसत नाही.

प्रश्न : अमेरिकेत हेक्टरी ११ टन मका निघतो आणि आफ्रिकेत दोन. संकरित बियाणं तिथे पोचलंच नाही का? (एक बियाणे विक्रेते)

पोचलं, आणि तुम्हाला वाटतं त्याच्या फार आधी. साउदर्न ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, मक्याच्या संकराचं काम १९३२ मध्ये सुरू झालं आणि १९६० मध्ये 'एसआर-५२' हा वाण बाहेर पडला. हा एकेरी संकर, म्हणजे दोनच शुद्ध वाणांचा थेट संकर. शेतकऱ्याच्या शेतावर व्यापारी पातळीवर गेलेल्या जगातल्या अगदी पहिल्या एकेरी संकरांपैकी एक. पण तो बनला होता गोऱ्या जमीनदारांसाठी: मोठी शेतं, भारी जमीन, भरपूर खत आणि लांब पावसाळा. हलक्या, वालुकामय जमिनीत, कमी पावसात राहणाऱ्या आफ्रिकन शेतकऱ्याला त्याचा उपयोग बेताचाच. त्यांच्या कामाचे लवकर येणारे वाण, आर-२००, आर-२०१, आर-२१५, सत्तरच्या दशकात आले.

केनियाची गोष्ट तुमच्या धंद्याच्या जास्त जवळची. किटाले इथल्या केंद्रातून १९६४ मध्ये 'एच-६११' हा संकरित वाण दिला गेला. त्याचा एक पालक स्थानिक किटाले निवडीतला आणि दुसरा थेट इक्वेडोरहून आणलेला. हे बियाणं पश्चिम केनियाच्या उंचावरच्या जिल्ह्यांत झपाट्याने पसरलं, अमेरिकेच्या मका पट्ट्यात १९३०-४० च्या दशकात संकरित मका पसरला होता त्याच्या तोडीने. त्यामागे शास्त्रज्ञ होते तसे गावोगावचे छोटे दुकानदारही होते. साखर-साबणाशेजारी बियाण्याची पिशवी मिळायला लागली की काय होतं ते तुम्ही जाणता.

मग अडलं कुठे? झिम्बाब्वेचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. १९८० मध्ये स्वातंत्र्य मिळालं. बियाणं तयार होतंच. नव्या सरकारने छोट्या शेतकऱ्यांना पीककर्ज दिलं, धान्य मंडळाची खरेदी केंद्रं त्यांच्या वस्त्यांजवळ नेली, भाव बरा दिला. चार-पाच वर्षांत मंडळाला विकल्या जाणाऱ्या मक्यात छोट्या शेतकऱ्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या आतून जवळजवळ निम्म्यावर आला. १९८५ ला देशाचं पीक २९ लाख टनांच्या घरात गेलं. वाण तेच होते, जमीनही बहुतांशी तीच. पुढे कर्जं थकली, तिजोरी आटली, केंद्रं बंद पडत गेली आणि १९९२ च्या दुष्काळात पीक साडेतीन-पावणेचार लाख टनांवर घसरलं.

उताऱ्याचं दुसरं कारण खत. २००६ मध्ये अबुजा इथे आफ्रिकेच्या नेत्यांनी ठराव केला की हेक्टरी खताचा वापर ८ किलोंवरून २०१५ पर्यंत ५० किलोंवर न्यायचा. आजही तो त्याच्या निम्म्याच्या आत रेंगाळतो. समुद्रापासून दूरच्या देशांत खत बंदरातून ट्रकने येतं. बैरा किंवा दार-ए-सलामहून निघालेलं पोतं आतल्या गावात पोचेपर्यंत वाहतुकीनेच महाग होतं. शिवाय सेंद्रिय अंश संपलेल्या, आम्ल झालेल्या जमिनीत युरिया टाकून संशोधन केंद्रावरच्या निम्मासुद्धा फरक दिसत नाही, अशी कितीतरी शेतं मी पाहिली. चुना टाकायला हवा, शेंगवर्गीय पिकाची फेरपालट हवी. पण अनुदान मिळतं ते युरियाच्या पोत्यावर. पश्चिम केनियात त्यात टारफुल्याची भर. मक्याच्या मुळांवर जगणारं ते जांभळ्या फुलांचं तण एकदा शेतात शिरलं की बी वर्षानुवर्षं मातीत टिकतं.

आणि 'आफ्रिकेत दोन टन' ही सरासरी तर कोणाच्याच शेताची नाही. इजिप्तमध्ये नाईलच्या पाण्यावर हेक्टरी सात टनांच्या वर मका निघतो. दक्षिण आफ्रिकेत ऐंशीच्या दशकात चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास पेरा होता, आज तो पंचवीस-सव्वीस लाखांवर आलाय, तरी पीक पूर्वीपेक्षा जास्त निघतं, कारण हलक्या जमिनी सोडून दिल्या गेल्या आणि उतारा वाढला. खंडातल्या इतरांच्या बरोबर उलट चाल.

इथिओपियाचं नाव मी आवर्जून घेईन. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हेक्टरी दीड टन मका होता, २०१३ च्या सुमारास तीन टनांच्या वर गेला. संकरित वाण, खत आणि गावपातळीवर नेमलेले हजारो कृषी कर्मचारी, तिन्ही एकत्र, आणि बऱ्यापैकी खात्रीचा पाऊस असलेला पश्चिमेकडचा भाग. पश्चिम आफ्रिकेत मात्र किल्ली संकरित बियाण्यात नव्हतीच. नायजेरियातल्या इबादानला १९६७ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने पट्टेरी विषाणूला दाद न देणारे साधे, सुधारित वाण दिले. ते शेतकऱ्याला घरचं बी ठेवूनही चालत. उत्तर नायजेरियात त्याच सुमारास रस्ते झाले, खत स्वस्त मिळालं, आणि जिथे ज्वारी-बाजरी होती तिथे दोन दशकांत मका शिरला.

प्रश्न : मलावीने खताला अनुदान देऊन चमत्कार केला असं वाचलं होतं. तो चमत्कार टिकला का? (सहकारी संस्थेतील एक कार्यकर्ते)

तुम्ही वाचलंत ते बहुधा २००७-०८ च्या सुमाराचं असणार, तेव्हा जगभर त्याचंच कौतुक चाललं होतं. पार्श्वभूमी अशी: २००५ ला पावसाने दगा दिला आणि पीक १२ लाख टनांवर आलं, देशाच्या गरजेच्या कितीतरी खाली. अध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांनी देणगीदार देशांचा विरोध बाजूला सारून त्याच हंगामात कुपनं वाटली. कुपन दाखवलं की खताची दोन पोती नाममात्र दरात आणि थोडं बियाणं. २००६ ला पीक २६ लाख टन, २००७ ला सरकारी आकड्याप्रमाणे ३२ लाखांच्या वर.

यात तीन गोष्टी गुंतल्या आहेत. खताने पीक वाढलं, यात मला शंका नाही. मलावीची जमीन नत्राला इतकी भुकेली आहे की एक पोतंही दिसून येतं. पण ती दोन्ही वर्षं पावसाचीही चांगली होती, आणि ते श्रेय आकाशाला कोणी दिलं नाही. तिसरी गोष्ट आकड्यांची. ३२ लाख टनांवर विश्वास ठेवून मलावीने २००७ मध्ये झिम्बाब्वेला मका निर्यात केला, आणि काही महिन्यांत देशातलेच भाव भडकले. एवढा मका खरोखर असता तर तसं झालं नसतं. स्वतंत्र कुटुंब-पाहण्यांतून निघालेलं पीक सरकारी अंदाजाच्या बरंच खाली होतं.

कुपनांत गळतीही होती. गावच्या मुखियाच्या नातलगांना आधी, निवडणुकीच्या वर्षी जास्त. पण माझं मत असं की निव्वळ गळतीसाठी योजनेला झोडपणं सोपं आहे. त्याआधी आयात केलेल्या धान्यावर जो पैसा जायचा तोही कमी नव्हता. खरा दोष असा की सगळा कृषी खर्च एकाच पोत्यात बांधला गेला आणि रस्ते, विस्तार कर्मचारी, मातीचं आरोग्य, बी-बियाण्याचं संशोधन यांना उरलंसुरलं मिळालं.

झाम्बियाने त्यात सरकारी खरेदीची भर घातली. २०१० मध्ये पीक एकदम २८ लाख टनांवर गेलं, पुढच्या वर्षी ३० लाखांवर. सरकारची अन्न राखीव संस्था तेव्हा पन्नास किलोंच्या पोत्याला ६५,००० जुने क्वाचा (तिथलं चलन) देत होती, देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात तोच भाव. वाहतुकीचा खर्च सरकारचा, त्यामुळे जिथून मका आणणं परवडूच नये तिथेही मका उभा राहिला. २०११ ला संस्थेने १७ लाख टनांच्या आसपास धान्य उचललं आणि ठेवायला गोदामं नव्हती. पूर्व झाम्बियातल्या चिपाटाच्या रस्त्याने जाताना ताडपत्रीखाली पोत्यांच्या टेकड्या दिसायच्या. पहिला पाऊस आला की खालचे थर काळे पडायचे. शेतकऱ्याला पैसे मिळाले, आणि धान्य कुजलं.

मग सरकार हे थांबवत का नाही? १९८६ च्या डिसेंबरात झाम्बियात पिठाचं अनुदान काढलं आणि भाव दुप्पट झाले. कॉपरबेल्टच्या खाण-शहरांत दंगली झाल्या, माणसं मेली आणि अनुदान परत आलं. १९९० मध्ये पुन्हा तेच. तिथे मक्याच्या पिठाचा भाव हा अर्थखात्याचा विषय नसतो, सत्तेचा असतो.

प्रश्न : तिथे पांढराच मका का खातात? पिवळा जास्त पौष्टिक ना? (एक आहारतज्ज्ञ)

पौष्टिक खरा, 'अ' जीवनसत्त्वाच्या बाबतीत. पण पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत पांढऱ्याची आवड फार जुनी नाही. मका खंडात सोळाव्या शतकापासून आला तो सगळ्या रंगांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनचे स्टार्च कारखानदार पांढऱ्या दाण्याला जास्त भाव देत, म्हणून दक्षिणेकडच्या गोऱ्या शेतकऱ्यांनी पांढरा धरला, मग खरेदी मंडळांनी तोच उचलला, खाणीतल्या मजुरांच्या शिध्यातही तोच गेला. पुढे दुष्काळात मदत म्हणून अमेरिकेचा पिवळा मका येऊ लागला आणि पिवळा म्हणजे उपासमारीचा किंवा गुरांचा, असं डोक्यात बसलं. झाम्बियाने २०१२ मध्ये नारिंगी दाण्याचे, 'अ' जीवनसत्त्वाचा पूर्वघटक असलेले वाण सोडले. रंग मुद्दाम नारिंगी, पिवळ्याशी नातं लागू नये म्हणून. चव लोकांना आवडते, बाजारात मात्र अजून थोडाच दिसतो.

प्रश्न : अमेरिकन लष्करी अळीमुळे आफ्रिकेतलं उत्पादन कोसळलं का? (एक वाचक)

नाही. २०१६ च्या सुरुवातीला पश्चिम आफ्रिकेत ती पहिल्यांदा नोंदली गेली आणि दोन वर्षांत चाळीसहून जास्त देशांत पोचली. पोंगा खाल्लेली शेतं बघवत नाहीत, पण मक्याला सावरायची ताकद असते, आणि पाऊस बरा असेल तर पानं दिसतात तेवढं नुकसान दाण्यात उतरत नाही. खंडाच्या आलेखात २०१६ नंतर त्या अळीमुळे पडलेला खड्डा शोधूनही सापडत नाही. केनियात २०११ मध्ये बोमेट जिल्ह्यात दिसलेला मक्याचा मर रोग मला जास्त भीतिदायक वाटला होता. दोन विषाणू एकत्र येतात आणि अख्खं शेत कणसं न भरताच वाळतं. त्यासाठी २०१३ मध्ये नैवाशाला रोगप्रतिकाराची चाचणी घेणारं केंद्र उभं राहिलं आणि प्रतिकारक वाण तुलनेने लवकर मिळाले.

प्रश्न : सर, प्रकल्पासाठी मी झाम्बियाच्या मका उत्पादनाचा आलेख काढला, पण तो करवतीसारखा वरखाली जातो. त्यातून कल कसा काढू? सुरुवात कोणत्या वर्षापासून धरू? (बी.एस्सी. कृषीची विद्यार्थिनी)

तुझा आलेख बरोबर आहे, तो तसाच दिसायला हवा. २०२३ ला झाम्बियात ३२ लाख टनांच्या वर मका झाला. २०२४ ला १५ लाख. २०२५ ला ३६ लाखांच्या पुढे, आजवरचा उच्चांक. आता तू २०२४ हे सुरुवातीचं वर्ष धरलंस तर एका वर्षात दुपटीहून जास्त वाढ, आणि २०२३ धरून २०२४ ला थांबलीस तर शेती बुडाली. दोन्ही वाक्यं मी छापील अहवालांत वाचली आहेत. एकटं वर्ष कधीच टोक म्हणून धरू नकोस. तीन किंवा पाच वर्षांची सरासरी घे आणि १९९२, २००२, २०१६, २०२४ ही दुष्काळी वर्षं वेगळ्या रंगात दाखव. दक्षिणेकडचे देश त्या वर्षांत साधारण एकत्रच खाली जातात. दक्षिण आफ्रिकेचं पीक २०१६ ला ७८ लाख टन आणि लगेच २०१७ ला १ कोटी ६८ लाख, इतका फरक एका पावसाचा.

त्यात पाऊस एकूण किती पडला यापेक्षा केव्हा थांबला ते बघ. २०२४ मध्ये एल निन्योच्या प्रभावाखाली फेब्रुवारी कोरडा गेला. तेव्हा मका तुऱ्यावर असतो. तुरा पराग सोडतो आणि कणसाचे केस तेव्हाच बाहेर यावे लागतात. पाण्याचा ताण पडला की केस उशिरा येतात, तोवर पराग संपलेला असतो. झाड उंच, पानं हिरवी, आणि कणसात दाणे विरळ. लांबून शेत चांगलंच वाटतं. त्या वर्षी लावलेल्या २२ लाख हेक्टरांपैकी सुमारे १० लाख हेक्टर हातचे गेले आणि २९ फेब्रुवारीला सरकारने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. दुष्काळ सोसणाऱ्या वाणांवर काम करणारे पैदासकार म्हणूनच तुरा आणि केस यांच्यातलं अंतर मोजत बसतात. ते अंतर कमी म्हणजे वाण टिकाऊ. तुझ्या प्रकल्पात जमलं तर उत्पादनाशेजारी फेब्रुवारीच्या पावसाची रेघ काढ.

आणखी एक. आकडा कसा आला ते विचार. छोट्या शेतकऱ्याच्या शेतात मक्याबरोबर घेवडा, भोपळा, भुईमूग असतो. मग हेक्टर कोणाच्या नावावर मांडायचा? फेब्रुवारी-मार्चमध्ये कोवळी कणसं भाजून, उकडून घरात खाल्ली जातात. टंचाईत ती फार मोलाची असतात, पण कापणीच्या मोजणीत येत नाहीत. पीक उभं असताना कर्मचाऱ्याने नजरेने केलेला अंदाज वेगळा, काढणीनंतर घरोघरी विचारून केलेली पाहणी वेगळी. दोन्ही आकडे एकाच रेषेत जोडू नकोस.

पेरा, उतारा आणि उत्पादन असे तीन वेगळे आलेख कर, एकाखाली एक. मधला पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नकोस. झालं की संपादकांच्या पत्त्यावर पाठव, बघून कळवतो.